पुन्हा घ्यायचे, पण कोणत्या शब्दाने?



मे महिना सरत आला की हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरवायला सुरुवात होते. झावळ्या, बांबू, टेबले, खुर्च्या सगळे टेंपोत चढते आणि पाऊस पडायच्या आत वाळू मोकळी होते. स्वयंपाकी, वाढपी, भांडी घासणारी मुले आपापल्या गावी जातात. कुणी कर्नाटकात, कुणी ओडिशात, कुणी नेपाळात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणून ट्रॉलरवरचे खलाशीही घरी जातात. मग चतुर्थी झाली की मालक फोन लावतो, "यंदा येतलो मरे?" एवढेच. पत्र नाही, अर्ज नाही, मागच्या वर्षी फोडलेल्या बश्यांचा हिशेब नाही. आमच्या गावची फेरनियुक्ती अशी तीन शब्दांत होते.

त्याच मे महिन्यात आमचीही एक बैठक असते. जूनमध्ये रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू व्हायचे असतात, तेव्हा कुणी कोणता वर्ग घ्यायचा ते ठरवायचे असते. बैठकीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम आमच्याकडे आहे. आज जे लिहितो आहोत ते त्या वहीतल्या एका ओळीबद्दल. ती ओळ आमच्याच हाताने लिहिलेली आहे आणि ती चुकीची होती असे आमचे आता मत झाले आहे.

एक तरुण आमच्याबरोबर चौथीच्या मुलांना शिकवायचा. त्याचे नाव घेत नाही. मुलांमध्ये तो रमायचा. नोहाची गोष्ट सांगताना बाकावर बोटे वाजवून पावसाचा आवाज काढायचा आणि मुलेही त्याच्याबरोबर बोटे वाजवायची. एका नोव्हेंबरात, ऐन हंगामात, त्याला शॅकवर काम मिळाले. रविवार तिथला सर्वांत गर्दीचा दिवस. त्याने कुणालाच काही कळवले नाही. त्या रविवारी वर्गातली मुले तासभर पडवीत बसून राहिली, आणि त्यानंतरच्याही रविवारी. पहिल्या कम्युनियनची तयारी अर्ध्यावर आलेली. पालक चिडले, आणि त्यांचे चिडणे खोटे नव्हते. दोघी शिक्षिकांनी तो वर्ग आपल्यात वाटून घेतला आणि वर्ष कसेबसे पार पडले.

मे महिन्यात तो आला. मिस्सा संपल्यावर दाराशी थांबला आणि म्हणाला, "सर, परत घेतात काय?" बैठकीत विषय निघाला. नको म्हणणारे होते, घ्या म्हणणारेही होते. शेवटी मधला मार्ग निघाला: घ्यायचे, पण वर्ग द्यायचा नाही. खुर्च्या लावणे, झेरॉक्स काढून आणणे, फेस्ताला मंडपाची व्यवस्था. सगळ्यांना बरे वाटले. आम्ही वहीत लिहिले, "यांना पुन्हा एक संधी देण्यात येत आहे." इतिवृत्त नेहमीप्रमाणे फलकावर लागले.

त्याने वर्षभर खुर्च्या लावल्या. एकही रविवार चुकवला नाही. पुढच्या वर्षी मात्र तो आलाच नाही. आता तर मिस्सालाही क्वचित दिसतो. फार उशिरा एकाने आम्हाला सांगितले की फलकावरची ती ओळ वाचून तो म्हणाला होता, "संधी? म्हणजे हांव परीक्षेक बसलां काय?"

तेव्हापासून हा शब्द आमच्या घशात अडकला आहे.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की आम्ही शब्दांचा कीस पाडतो. माणूस दुखावला तो कामामुळे, शब्दामुळे नव्हे. असेलही. पण शॅकवरच्या मुलाला मालक काही म्हणो, महिन्याच्या शेवटी पगार हातात पडतो आणि शब्द विसरता येतो. चर्चमध्ये विनामोबदला राबणाऱ्या माणसाला आपण देतो काय? आपल्याजवळ त्याला द्यायला शब्दच असतो. तो तरी नीट तोलून द्यायला हवा.

मराठीत या एका गोष्टीला किती शब्द आहेत ते पाहा. सरकारी कागदात फेरनियुक्ती किंवा पुनर्नियुक्ती. निवृत्त कारकुनाला सहा महिन्यांसाठी परत बसवतात तेव्हा हा शब्द शोभतो. त्यात राग नाही आणि लोभही नाही. महाराष्ट्रात पट कमी झालेल्या शाळेतले शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि त्यांचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. ज्या माणसाने वीस वर्षे पाढे शिकवले त्याला आधी 'अतिरिक्त' म्हणायचे आणि मग त्याचे 'समायोजन' करायचे, हे ऐकताना आम्हाला नेहमी कपाटातले सामान इकडचे तिकडे केल्यासारखे वाटते. 'परत घेणे' तर दुकानातला शब्द आहे. सदरा मापात बसला नाही, दुकानदाराने परत घेतला. आमच्या त्या तरुणाने स्वतःसाठी हाच शब्द वापरला होता, आणि तेव्हा आम्हाला त्यात काही खटकले नाही, हेही आता आठवते.

'रुजू होणे' हा शब्द आम्हाला त्या मानाने आवडतो. 2021-22 च्या एसटी संपात तो रोज वर्तमानपत्रांत असायचा. पाच महिन्यांहून अधिक काळ गाड्या उभ्या होत्या, हजारो कामगारांवर निलंबनाची आणि बडतर्फीची कारवाई झाली होती, आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर रुजू व्हा असे सांगितले. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि मुळात त्याचा अर्थच माघारी वळणे असा आहे. जुन्या करारातही पश्चात्तापासाठी जे हिब्रू क्रियापद सारखे येते, 'शूव', त्याचा अर्थ वळणे, परतणे. कचेरीतला आपला रुक्ष 'रुजू' त्या संदेष्ट्यांच्या शब्दाच्या इतका जवळचा असेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पण त्यातही एक उणीव आहे. रुजू व्हायचे ते कामगाराने. हुकूम इथे बसून निघतो, चालत यायचे त्याने.

डिचोलीच्या खाणी 2012 मध्ये थांबल्या आणि मग मार्च 2018 मध्ये पुन्हा, तेव्हा घराघरांत एकच प्रश्न होता: सुरू झाल्या तर आपल्याला बोलावतील का? औद्योगिक विवाद कायद्यात (1947) 25-एच हे कलम होते. कपात केलेल्या कामगाराला, मालक पुन्हा भरती करील तेव्हा, इतरांच्या आधी विचारले पाहिजे, असा त्याचा आशय. म्हणजे ज्याला काढले त्याचा हक्क पहिला. अर्थात तो कायदा ज्यांचा दोष नाही त्यांच्यासाठी. काम ज्यांना सोडून गेले त्यांची तरतूद कायदा करू शकतो. ज्यांनी काम सोडले त्यांचे काय करायचे हे सांगायला आपल्याला पवित्र शास्त्राकडेच यावे लागते.

आणि शास्त्रात आमच्या तरुणासारखा एक तरुण आहे. योहान, ज्याला मार्क म्हणत. पौल आणि बर्णबा पहिल्या प्रवासाला निघाले तेव्हा तो मदतनीस म्हणून बरोबर होता. कुप्र बेट झाले, समुद्र ओलांडून ते पंफुल्यातल्या पिर्गा येथे पोहोचले, आणि तिथून तो सरळ यरुशलेमला परत गेला (प्रेषितांची कृत्ये 13). लूक त्याचे कारण देत नाही. ताप आला असेल, भीती वाटली असेल, आईची आठवण झाली असेल. पडवीत बसलेली मुले त्याच्याही मागे राहिलीच.

पुढे दुसऱ्या प्रवासाची वेळ आली. बर्णबाचे म्हणणे मार्कला न्यायचे. पौलाचे म्हणणे, जो मध्येच सोडून गेला त्याला नाही न्यायचे. वाद इतका वाढला की ते दोघे एकमेकांपासून वेगळे झाले. बर्णबाने मार्कला घेतले आणि तो कुप्राला निघाला. पौलाने सीलाला निवडले आणि तो दुसऱ्या वाटेने गेला. या एका वाक्यात लूक दोन वेगळी क्रियापदे वापरतो, हे आमच्या लक्षात कितीतरी वर्षे आले नव्हते. पौलाने 'निवडले', बर्णबाने 'घेतले'. निवडायचे म्हणजे गुण पाहायचे, दोघा-तिघांमधून उजवा तो उचलायचा. घ्यायला तसली यादी लागत नाही. कडेवर मूल घेतो तेव्हा आपण निवड करत नसतो.

आम्हाला ग्रीक येत नाही. शब्दार्थकोश उघडून अडखळत वाचतो, एवढेच. पण या गोष्टीतली बरीचशी ग्रीक क्रियापदे एकाच घरातली आहेत असे दिसते. मूळ धातू 'लाम्बानो', म्हणजे आपले 'घेणे'. पौलाने मार्कला नाकारले तेव्हाचा शब्द आहे सोबत घेणे. बर्णबाने केले ते बरोबर घेऊन जाणे. आणि कित्येक वर्षांनी पौल तुरुंगातून तीमथ्याला शेवटचे पत्र लिहितो, सगळे पांगलेले, एकटा लूक जवळ, तेव्हा तो मार्कला घेऊन ये असे सांगतो (2 तीमथ्य 4). तिथला शब्द आहे उचलून घेणे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात तारू बंदराला लागून पौलाला वर घेते, तिथेही हेच क्रियापद आहे. होडीवरच्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. पाण्यातल्याला वर घेताना होडी एका बाजूला कलते, आणि आत बसलेल्यांना सरकून जागा करावी लागते.

'सामावून घेणे' हा आपला मराठी शब्द इथे जवळ येतो. सामावायला जागा लागते, आणि जागा कुणीतरी सोडल्याशिवाय होत नाही. आमच्या बैठकीत चौथीचा वर्ग त्याला परत द्यायचा तर ज्यांनी तो वर्षभर सांभाळला त्या दोघींपैकी एकीला सरकावे लागले असते. तो अवघड प्रश्न कुणीच विचारला नाही. खुर्च्या लावण्याचे काम कुणाच्याच वाटणीचे नव्हते, म्हणून ते द्यायला सोपे गेले.

पौल तीमथ्याला मार्कबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो: सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. 'उपयोगी' या अर्थाचा तिथला ग्रीक शब्द 'युख्रेस्तोस' नव्या करारात फक्त तीनदा येतो. एकदा तीमथ्याच्या त्याच पत्रात घरातल्या भांड्यांच्या दृष्टांतात, एकदा मार्कसाठी, आणि तिसऱ्यांदा फिलेमोनाला लिहिलेल्या चिमुकल्या पत्रात, अनेसिमासाठी. अनेसिम दास होता, धन्यापासून दुरावलेला, बहुधा पळालेला. त्याच्या नावाचाच अर्थ उपयोगी असा. पौल त्यावर शब्दखेळ करतो: पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुलाही आणि मलाही उपयोगी आहे. 'आख्रेस्तोस' आणि 'युख्रेस्तोस'. कानाला दोन्हीही 'ख्रिस्ता'च्या किती जवळचे! आणि कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय काढून पाहा. नवव्या ओवीत अनेसिम, दहाव्या ओवीत मार्क. एक दुरावलेला आणि एक मध्येच परतलेला, दोघे एकाच पत्रात शेजारी शेजारी, आणि मार्क आला तर त्याचा स्वीकार करा अशी सूचना. आमच्या वहीत अशा दोन ओळी एकाखाली एक कधी आल्या असत्या का?

फिलेमोनाला पौल काय सांगतो? याला संधी दे, असे तो म्हणत नाही. मला घेशील तसे याला घे. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड. हे लिहून झाल्यावर, मी आपल्या हाताने लिहितो आहे, असेही सांगतो. आपल्या भाषेत याला जामीन राहणे म्हणतात. सोसायटीच्या कर्जाला कुणी जामीन राहायला तयार नसते हे आपण सगळे जाणतो. राहणारा आपले घर पणाला लावतो. त्या बैठकीत आम्हा सर्वांना त्या तरुणाबद्दल सहानुभूती होती. पण "हा पुन्हा गेला तर त्याचा वर्ग मी घेईन" असे म्हणणारा एकही निघाला नाही. आम्हीही नाही. आम्ही खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होतो.

आता पौल मार्कच्या बाबतीत चुकला होता का? लूक तसा निकाल देत नाही, आणि आम्हीही देणार नाही. पौलाला कामाची काळजी होती. गलतीयाच्या डोंगरवाटांवर अर्ध्यात परतणारा सोबती परवडत नाही हे तो जाणत होता. पडवीत बसलेल्या मुलांच्या पालकांचे म्हणणे हेच होते. पण पौल एक गोष्ट विसरला होता असे आम्हाला वाटते, आणि तसे वाटायला आधार आहे. यरुशलेमच्या शिष्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता तेव्हा हात धरून त्याला प्रेषितांकडे कुणी नेले? बर्णबाने (प्रे. कृ. 9). पुढे जिवावर बेतले म्हणून भावांनी त्याला तार्साला, घरी पाठवून दिले आणि काही काळ त्याचे नावही कृत्यांच्या पुस्तकात येत नाही. मग अंत्युखियात काम वाढले तेव्हा बर्णबा तार्साला गेला. शौल सापडावा म्हणून शोधत गेला, आणि त्याला घेऊन आला (प्रे. कृ. 11). निरोप धाडून, "रुजू व्हा" असे सांगून त्याला भागवता आले असते. तो स्वतः गेला. आणि आणल्यावर शौलाला खुर्च्या लावायला सांगितले नाही. दोघांनी मिळून वर्षभर पुष्कळ लोकांना शिकवले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळाले ते त्याच अंत्युखियात. घरी बसलेल्या माणसाला शोधून आणून जिथे वर्ग दिला गेला, त्या गावाने आपल्याला आपले नाव दिले आहे.

परंपरा सांगते की मार्कने शुभवर्तमान लिहिले आणि ते पेत्राच्या तोंडून ऐकून लिहिले. म्हणजे नाकारणाऱ्याने सांगितले आणि सोडून गेलेल्याने उतरवून घेतले. त्यातला चौदावा अध्याय काढला की अंगावरचे वस्त्र टाकून पळालेला एक अनामिक तरुण दोन ओव्यांपुरता दिसतो. तो मार्क स्वतःच असे काही जण मानतात. खरे असेल तर पळून जाणे लपवले नाही याचे कौतुक वाटते.

पेत्राचे तर आपल्याला पाठच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदाच पेटतो: एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे त्याने तीनदा नाही म्हटले, आणि एकदा तिबिर्याच्या किनाऱ्यावर पहाटे, मासे भाजत ठेवलेले असताना. आमच्याकडे पहाटे होड्या लागतात तेव्हा कधीकधी कोणी पाटीतले दोन बांगडे तिथेच भाजतो. तो धूर नाकात गेला की आम्हाला हा अध्याय आठवतो. प्रभू पेत्राला तिथे काय सांगतो ते मुद्दाम पुन्हा वाचा. माझी कोकरे चार, मेंढरे पाळ. त्या आज्ञेत 'पुन्हा' नाही आणि 'संधी' तर नाहीच. मंडप बांधण्यापासून सुरुवात कर, वर्षभर पाहू, असेही नाही. ज्या कामात तो कमी पडला तेच काम, आणि आधीपेक्षा मोठे. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तर प्रभूने हे पेत्र पडायच्या आधीच सांगून ठेवले आहे: तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याआधीच परतल्यानंतरचे काम ठरलेले!

आपल्या मराठी मुलखात असे खरे काम देणारे कोण, असा विचार केला तर आम्हाला केडगाव आठवते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनमध्ये किती बायका-मुली आणल्या. विधवा, टाकलेल्या, समाजाने वाया गेलेल्या ठरवलेल्या. त्यांना अन्नवस्त्र दिलेच, पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळवून ते छापण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून निघाले. गावाने ज्यांच्या सावलीला अपशकुन म्हटले त्यांच्या बोटांखालून देवाचे वचन एकेक अक्षर करून गेले. एक अक्षर उलटे बसले तर अर्थ बदलतो असे हे काम. एवढा विश्वास टाकून बोलावण्याला 'संधी देणे' म्हणायचे आमच्या जिभेवर येत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच स्पष्ट करतो, नाहीतर आमच्या म्हणण्याचा गैरअर्थ होईल. ज्याने मुलांना इजा केली, त्यांचा गैरफायदा घेतला, त्याला मुलांच्या वर्गात पुन्हा पाठवायचे नाही. तो रडला तरी नाही, सर्वांनी क्षमा केली तरी नाही. तिथे प्रश्न त्या माणसाच्या मनाचा नसून मुलांच्या सुरक्षिततेचा आहे आणि त्यावर घासाघीस नाही. क्षमा वेगळी, किल्ल्या वेगळ्या. पण आमच्या तरुणाचा गुन्हा तो नव्हता. त्याला पोटासाठी काम मिळाले आणि सांगायला तो लाजला. आपण सोयीसाठी दोन्ही गोष्टींना एकच कुलूप लावतो.

आमच्याकडे मिस्सा कोंकणीत होते, तेव्हा शेवटी एक कोंकणी शब्द सांगतो, मराठी वाचकांनी तो राखून ठेवण्यासारखा आहे. आपोवणें. लग्नाला बोलावतात तेही आपोवणें, आणि देव माणसाला सेवेसाठी, धर्मगुरुपदासाठी, धर्मभगिनी होण्यासाठी बोलावतो तेही देवाचें आपोवणें. मराठीत आपण एकाला आमंत्रण म्हणतो आणि दुसऱ्याला पाचारण. कोंकणी आजीला दोन शब्द लागत नाहीत. आणि लग्नाचे आपोवणें फोनवर देत नाहीत, निदान जवळच्यांना तरी नाही. घरी जावे लागते, उंबरठ्यावर उभे राहून सांगावे लागते. भांडण असलेल्या घरी तर आधी जावे लागते.

या वर्षीची बैठक गेल्या रविवारी झाली. चौथीच्या वर्गाचा विषय आला तेव्हा आम्ही पेन खाली ठेवले आणि त्याचे नाव घेतले. जरा वेळ कुणी काही बोलले नाही. मग गेली वर्षे तो वर्ग घेणारी आमची एक सहकारी म्हणाली, "मी पाचवी घेते. पण तो नोव्हेंबरात परत गेला तर?" आम्ही म्हटले, तर चौथी आम्ही घेऊ, तसे लिहा. इतिवृत्त आम्हीच लिहितो, म्हणून आम्हालाच लिहावे लागले. त्याखाली चौथीची ओळ लिहिली. त्यात 'पुन्हा' लिहिले नाही, 'संधी'ही नाही. इतर वर्गांची जशी लिहिली तशीच: चौथीचा वर्ग, मग दोन टिंबे, मग मोकळी जागा. त्याचे नाव त्याला विचारल्याशिवाय लिहिणे बरे दिसले नसते, आणि या खेपेस फलकावर काही लावायचे तर आधी त्याने होय म्हणायला हवे.

त्याचा शॅक या आठवड्यात उतरतो आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्या सहकारी शिक्षिका आणि आम्ही त्याच्या घरी जाणार आहोत. तो दार उघडील की नाही, उघडले तर काय म्हणेल, आम्हाला माहीत नाही. आपण त्या संध्याकाळच्या रोझरीत आमची आठवण ठेवा.